ओलं सोपट

आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये गेलं वर्षभर एकाच गोष्टीचा काथ्याकूट चालला होता: गळाची दोरी का तुटते. माझा नवरा सुमेध आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात लोकांना विमा समजावतो आणि रविवारी अर्नाळ्याच्या समुद्रात एकट्याने वल्हवायची छोटी कयाक घालून मुशी पकडायला जातो. मुशी म्हणजे आपल्याकडचा शार्क. ती पकडायची, फोटो काढायचा आणि सोडून द्यायची. गिरीजला, माहेरी, माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती केळीची पानं कापता कापता थांबली. सोडायचीच तर धरायची कशाला, एवढंच तिने विचारलं आणि पुन्हा कामाला लागली.

पण सोडायची वेळच येत नव्हती. मोठा मासा लागायचा आणि दोरी तुटायची. सुमेध घरी येऊन ते तुटकं टोक ट्यूबलाइटखाली धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पंचनामा सुरू व्हायचा. टोक साफ कापलेलं असलं तर दात लागले. खरबरीत असलं तर दोरी खडकावर नाहीतर मुशीच्या अंगावर घासली. कुरळं झालं असलं तर गाठ सुटली. आमटी निवायची, मी चिडायचे, त्याचा तपास चालूच.

मग एकेका कारणावर इलाज झाले. दातांसाठी गळाच्या मागे पोलादी तार आली. मुशीची कातडी पॉलिशपेपरसारखी असते, म्हणून तारेच्या मागे जाड दोरीचा तुकडा आला, माशाच्या लांबीपेक्षा लांब. गाठ आवळताना नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं, म्हणून प्रत्येक गाठ आधी थुंकी लावून ओली करायची. हे तो माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून करायचा. दोरी गुंडाळायचं रील वर्षभर गॅलरीतल्या उन्हात पडून असायचं, ती सगळी दोरी त्याने काढून फेकली आणि नवी भरली. शेवटी रीलचा ब्रेक. दोरी जेवढा ताण सोसते त्याच्या तिसऱ्या हिश्शावर ब्रेक लावायचा, म्हणजे ती तुटायच्या आत रील आपणहून दोरी सोडायला लागतं.

तो ब्रेक लावण्यासाठी घरात मासा लागायचा. तो मासा मी. सुमेध हॉलमध्ये खुर्चीवर गळाची काठी घेऊन बसायचा आणि मी दोरीचं टोक रुमालात धरून बेडरूमकडे पळायचे. "जोरात, विनी. मुशी अशी चालत नाही." चाळिशी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई मी, पण खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. सगळा आठवडा लोकांपुढे मान डोलावणारा हा माणूस त्या खुर्चीवर वेगळाच दिसायचा.

माझं बिनसलं ते लीशवरून. लीश म्हणजे काठी पाण्यात पडून जाऊ नये म्हणून तिला बांधलेली दोरी. दिवाळीआधी एका माशाने काठीला असा हिसडा दिला की लीशची कयाकवरची कडीच उपटून निघाली आणि काठी गेली. सुमेधने नवी काठी आणली, बोटाएवढी जाड नारिंगी लीश आणली आणि तिचं दुसरं टोक आपल्या लाइफ जॅकेटला, छातीवरच्या पट्ट्याला बांधून टाकलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, कयाकची कडी तुटली, माझं काय तुटणार आहे?

मी त्याला नीट सांगून पाहिलं. मासा काठी घेऊन गेला तर तू मागोमाग जाशील. आमच्या वाडीत पानवेली केळीच्या सोपटाने बांधतात, केळीच्या खोडावरचं ते सुकं साल असतं ना, त्याने. नायलॉनची सुतळी मिळत नाही म्हणून नव्हे. वाऱ्याला सोपट पुरतं, पण वेल जाड झाली किंवा वरून झावळी पडली की सोपट तुटलं पाहिजे, वेल नाही. लीशमध्ये असा एखादा कच्चा तुकडा घाल. सुमेध हसला. वर्षभर राबून मी सगळं न तुटणारं केलं, म्हणाला, आणि तू त्यात केळीचं साल घालायला सांगतेस.

मग मी वाद घातला नाही. वाद घालून फायदा नसतो तेव्हा मी गप्प बसते आणि मला हवं ते करते. लीश मानेला घासते म्हणून तिच्यावर कापडाची नळी शिवून दे, असं त्यानेच मला सांगितलं होतं. शनिवारी दुपारी तो आमिषाला बांगडे आणायला गेला. मी लीश मधोमध कापली, आईकडून आणलेल्या सोपटाची तीनपदरी वेणी घातली आणि दोन तुकडे त्या वेणीने जोडले. वेणीचा नमुना आधी गॅलरीच्या ग्रिलला बांधून पाहिला. अर्धी बादली पाणी त्याने पेललं, भरलेल्या बादलीला तुटला. माझं समाधान झालं. वरून कापडाची नळी एकाच बाजूला टाचली, म्हणजे तीही अडवणार नाही. सुमेधने आल्यावर लीश ओढून पाहिली आणि शिवण छान झालीय म्हणाला.

रविवारी त्याचा जोडीदार क्लेटन तापाने झोपलेला होता. सुमेध एकटाच जाणार म्हटल्यावर मी किनाऱ्यावर येऊन बसेन असं सांगितलं. तो खूश झाला. त्याला वाटलं, बायकोला अखेर गोडी लागली.

अर्नाळ्याच्या वाळूवर बसायला मी चटई नेली होती, पण बसवत नव्हतं. नारिंगी कयाक बेटावरच्या किल्ल्याच्या डाव्या अंगाला ठिपक्याएवढी झाली होती. मी सुकत घातलेल्या बोंबलांपर्यंत जायचे आणि परत यायचे. एकच धास्ती होती: सोपट फार कच्चं तर नाही? एखाद्या बारक्या माशाने काठी नेली तर हा माणूस मला जन्मभर ऐकवेल. पर्समध्ये उरलेल्या सोपटाची एक वेणी होती, ती मी बोटांना गुंडाळत होते, सोडत होते. चालता चालता पाण्याच्या कडेला गेले आणि एक लाट घोट्यापर्यंत आली. वेणीचं लोंबतं टोक भिजलं. मी सहज ओढून पाहिली.

तुटली नाही.

पूर्ण भिजवली. दोन्ही हातांना गुंडाळून ओढली, बोटं पांढरी पडली, तरी तुटेना. आणि मग मला आठवलं. वाडीत सोपट बांधायच्या आधी भिजवतात. सुकं सोपट कटकन मोडतं, ओलं चिवट होतं. लहानपणी त्यासाठी घमेली पाण्याने भरायचं काम माझं होतं. आणि मी, जिने हे आयुष्यभर पाहिलं, तिने गॅलरीत सुक्या सोपटाला बादली टांगली होती. समुद्रात ते कोरडं कसं राहणार होतं?

मी सुमेधला फोन लावला. तो प्लास्टिकच्या पाकिटात कुठेतरी वाजत असणार, उचलला नाही. पुन्हा लावला. जवळच भूपेश आपल्या होडीला टेकून जाळं शिवत होता. सुमेध दर रविवारी त्याच्याच घराशी कयाक उतरवतो, म्हणून तो मला ओळखतो. मी त्याला म्हटलं, होडी काढा, मला त्याच्याकडे जायचंय.

"पानी गेलंय, वहिनी. होडी बसलीय वाळूत. भरती लागल्याबिगर नाय हलायची." मग डोळ्यांवर हात धरून त्याने किल्ल्याकडे पाहिलं. "पन तो चाललाय बघा. वल्हं मारत नाय आनि चाललाय. मोठा मासा हाय, ओढतोय त्याला."

भूपेशला त्यात कौतुक वाटत होतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रागही येत होता, सुमेधचा, माझा, त्या जनावराचा. काठी त्याच्या जॅकेटला बांधलेली आहे, हे मी भूपेशला सांगितलं. त्याचा हात जाळ्यावर थांबला. बाहेर गेलेल्या बोटीवरच्या आपल्या भावाला त्याने फोन केला. भाऊ लांब होता, येतो म्हणाला. भूपेशने पुन्हा किल्ल्याकडे पाहिलं तेव्हा कयाक किल्ल्याच्या मागे गेली होती.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला क्रमाने सांगता येणार नाही. चटईची घडी घातली, पुन्हा उघडली. गुडघाभर पाण्यात गेले, तिथून काही दिसत नव्हतं म्हणून बाहेर आले, पुन्हा गेले. त्या वेणीला मी शिव्या घातल्या. तूट, तूट, असं मी हातातल्या वेणीला म्हणत होते, जणू ती तिकडच्या वेणीला निरोप देणार होती. एवढं एक तुटू दे, मग घरातल्या सगळ्या कपबश्या फुटल्या तरी चालेल, असंही मनात आलं.

भूपेशला कयाक आधी दिसली, किल्ल्याच्या उजव्या टोकाला. कयाकवर माणूस बसलेला होता आणि वल्हं वरखाली होत होतं, सावकाश. मी पाण्यात तशीच उभी राहिले, तो किनाऱ्याला लागेपर्यंत.

टोपी नव्हती, काठी नव्हती. भूपेशने कयाक वर ओढली आणि बोट परत फिरव म्हणून भावाला फोन करायला तो बाजूला गेला. सुमेध वाळूवर बसला. त्याचे दात वाजत होते. मी त्याच्या अंगावर चटईच टाकली. थोड्या वेळाने तो बोलायला लागला. माणसाएवढी मुशी होती. तिने त्याला किल्ल्यामागे ओढत नेलं आणि त्याला इतका आनंद झाला होता की तो एकटाच गात होता. मग ती कयाकच्या खालून गेली. दोरी तळाला घासून तुटू नये म्हणून त्याने काठीचं टोक पाण्यात घातलं, व्हिडिओत सांगतात तसंच. तिने खाली बुडी मारली, रीलवरची दोरी संपली, काठी हातातून सुटली आणि लीशने त्याला छातीला धरून कयाकवरून खेचलं. लीश कापायला सुरी होती, ती कयाकमध्येच राहिली. तो खाली जात राहिला, कानांत दडे बसले.

"मग सुटलं," तो म्हणाला. "उशिरा, पण सुटलं."

छातीवर लीशचा अर्धा तुकडा लोंबत होता. त्याने कापडाची नळी मागे सारली आणि आतले ओले तुटके धागे बघत राहिला. चष्मा समुद्रात गेला होता, म्हणून डोळ्यांजवळ धरून बघितले. हा पंचनामा मी थांबवला नाही.

"मी ते सुकं तपासलं होतं," मी म्हटलं. "ओलं करून बघायला हवं होतं."

"एकही गाठ सुटली नाही, विनी. दोरी शेवटपर्यंत तुटली नाही."

मला एकदम रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तो माझ्याकडे न बघता त्या धाग्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"अजून आहे का हे?" त्याने विचारलं.

मी मूठ उघडली. वेणीचे वळ बोटांवर उमटले होते. त्याने तिचं एक टोक आपल्या हाताला गुंडाळलं, दुसरं मला धरायला दिलं आणि ओढ म्हणाला. हॉलमधल्यासारखी मी ओढायला लागले. तोही ओढत होता, थंडीने कापत होता तरी सगळा जोर लावून. बऱ्याच वेळाने वेणी तुटली आणि आम्ही दोघे वाळूत मागे पडलो.

"अजून थोडी पातळ हवी," सुमेध म्हणाला.

"बरीच पातळ," मी म्हटलं.