तीन वारे पाहिलेली पुरचुंडी

मित्रांनो, मी एक जुनी राखेची पुरचुंडी आहे. मुठीत मावेन एवढी, तोंडाला बुटाच्या नाडीची गाठ. मला पाहून तुम्हाला भांडी घासायची आठवण होईल, पण माझे काम निराळे आहे. मी वारा दाखवते. मला हलकेच झटकले की चिमूटभर राख उडते, आणि ती जिकडे जाईल तिकडे वारा चालला आहे हे कळते. रानरेड्याच्या मागावर निघालेल्या माणसाला बंदूक उचलण्याआधी हे कळावे लागते. रेड्याचे डोळे बरे, कान त्याहून बरे, पण त्याच्या नाकापुढे कोणाची मात्रा चालत नाही.

माझा जन्म झांबेझी नदीच्या खोऱ्यातल्या एका शिकारी तळावर झाला. तळावरचा एक उशीचा अभ्रा धुऊन धुऊन विरला होता. तो माय रुदोने, म्हणजे रुदोच्या आईने, घरी आणला आणि त्यातून मला शिवले. त्याआधी तिने जाड्याभरड्या कापडाची एक पुरचुंडी करून पाहिली होती. तिच्यातून राख बाहेरच येईना. मग मलमलीची केली, तर तिने नवऱ्याची विजार पांढरी केली. मी तिसरी, आणि मी जमले! माझ्यात घालायची राखही ऐरीगैरी नाही. मुत्स्विरीचे लाकूड जळते सावकाश, पण त्याची राख पिठासारखी पांढरी पडते. ती माय रुदो चहाच्या गाळणीने दोनदा गाळत असे.

तिचा नवरा जैरोसी हा माझा मालक. तळावर माग काढणाऱ्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गंमत अशी, की जन्मभर रेड्यांमागे चाललेल्या या माणसाने रेड्याचे मांस कधी जिभेला लावले नाही. रेडा हे त्याच्या कुळाचे देवक. लोक त्याला नावाने नव्हे, देवकाच्याच नावाने हाक मारतात, 'न्याती', म्हणजे रानरेडा. शिकार झाली की मांस वस्तीवर जाई, घरोघर चुली पेटत, आणि जैरोसी आपला मक्याच्या उकडीबरोबर भाजी खाई.

कातडी सोलणारा फानुएल त्याला रोज छेडायचा. फानुएल जैरोसीचा साहविरा होता. साहविरा म्हणजे दोन घराण्यांत पूर्वापार ठरलेला मित्र. त्याने तोंडाला येईल ते बोलावे आणि ऐकणाऱ्याने राग धरू नये, असा रिवाज आहे.

"काय न्याती, आज कोणत्या चुलतभावाची चुगली करून आलास?"

"चुगली वाऱ्याने केली. तू तुझी सुरी घास."

"वारा बिचारा मुका आहे म्हणून बरं! त्याला तोंड असतं, तर सगळं तुझ्यावर ढकललं असतं त्याने."

मी खिशात असले तरी मला सगळे ऐकू येते आणि विचारावेसे तर त्याहून जास्त वाटते. वारा जातो कुठे? एका ठिकाणचा वारा दुसऱ्या ठिकाणच्या वाऱ्याला ओळखतो का? शिकार बरी की वाईट, हे मात्र मला विचारू नका. ते ठरवायला माझ्या पोटात राखेशिवाय काही नाही.

तीन ठिकाणचे वारे मी स्वतः पाहिले आहेत. आमच्या खोऱ्यातला वारा लहरी. सकाळी तो उतारावरून नदीकडे जातो, दहा वाजले की काटेरी जाळीत शिरून स्वतःभोवतीच गिरक्या घेतो. तिथे रेडा दहा पावलांवर असला तरी दिसत नाही, आणि जखमी झाला तर त्याच्यामागे आत पहिला जातो तो जैरोसी. एका हंगामात मला दक्षिणेकडच्या एका शेतावर नेले. तिथे रेड्यांना कुंपण होते. गाडी त्यांच्या इतकी जवळ गेली, की मला खिशातून एकदाच बाहेर काढले, तेही नुसते गंमत म्हणून. मला फार अपमान वाटला. आणि दोन हंगाम आम्ही मोझांबिकात होतो, जिथे झांबेझी समुद्राला मिळते. तिथे नजर पोचेल तिथवर गवत आणि चिखल. चिखलात चालणारी गाडी माणसाला कळपाच्या बऱ्याच जवळ नेऊन सोडते आणि पुढची वाट सपाट असते. वारा दिवसभर समुद्रावरून एकाच बाजूने येतो. इतका सरळ वागणारा वारा मी पुन्हा पाहिला नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळते.

आमच्या तळावर आन्सेल्म नावाचे एक पाहुणे येत. ऑस्ट्रियातले घोड्यांचे डॉक्टर, आता निवृत्त. जैरोसी त्यांना सेकुरु म्हणे, म्हणजे आजोबा. चौथ्या खेपेस आले तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि गुडघे ऐकत नव्हते. पाचव्या दिवशी तीन तास माग काढून आम्ही एका म्हाताऱ्या रेड्याजवळ पोचलो. आजोबांनी बंदूक उचलली. नळी वर जाई, खाली येई. धाप काही थांबेना. त्यांनी बंदूक खाली केली आणि वारुळाच्या कडेला बसले. रेडा निघून गेला. जैरोसीने त्यांना पाणी दिले. मला त्या दिवशी आजोबा फार आवडले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांनी टेबलावर आफ्रिकेचा नकाशा पसरला. पुढच्या वर्षी शेवटचे एकदा यायचे आणि मग बंदूक कायमची कपाटात ठेवायची, असे त्यांनी ठरवले होते. पण जायचे कुठे? टांझानियाचे अफाट रान? झांबियातली नदी? कुंपणाचे शेत? की इथेच? पेन्सिलीने खुणा करत ते ज्याला त्याला विचारत होते.

खरी गोम अशी, की तळ चालवणारे आमचे डेरेक साहेब सकाळीच सगळ्यांना बजावून गेले होते. "पुढच्या हंगामाला निदान दोन पाहुणे पक्के हवेत. एक मिळालाय, दुसरे आजोबाच. नाहीतर कंपनी तळ बंद करणार. अकरा जणं घरी बसाल. आजोबा विचारतील तेव्हा एकच सांगायचं, इथेच या. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले. जैरोसीही म्हणाला. मी त्याच्या खिशातच होते.

म्हणून आचाऱ्याने इथले नाव घेतले, गाडीवाल्याने घेतले, फानुएलने तर छातीवर हात ठेवून घेतले. शेवटी आजोबा जैरोसीकडे वळले.

"जैरोसी, तुझ्या वडिलांना एकदाच रेड्यामागे जायचं असतं, तर तू त्यांना कुठे पाठवलं असतंस?"

"माझे वडील गेलेच नसते, सेकुरु. रेडा आमचं देवक."

सगळे हसले. डेरेक साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आजोबाही हसले आणि सहज म्हणाले, "बरं, मग तुझा सासरा! समज मी तुझा सासरा आहे."

मित्रांनो, आजोबांना ठाऊक नव्हते आपण काय बोलून बसलो ते. आमच्याकडे सासऱ्यासमोर जावई खुर्चीवर बसत नाही, मोठ्याने हसत नाही आणि खोटे तर मुळीच बोलत नाही. फानुएलने टोपी डोळ्यांवर ओढली. "मेलो," तो पुटपुटला.

जैरोसीने चहाचा पेला खाली ठेवला. तो उठला, आजोबांच्या समोर जमिनीवर बसला, मान देण्यासाठी दोन्ही हातांचे पोकळ तळवे हळूच एकमेकांवर वाजवले. मग त्याने मला बाहेर काढून झटकले. राख आधी नदीकडे गेली, तिथून वळली आणि परत त्याच्याच तोंडावर आली.

"सेकुरु, इथे नका येऊ. हा वारा तुमच्या गुडघ्यांचा नाही. इथे हात थरथरला तर रेडा जखमी होईल आणि जाळीत शिरेल. मग तुम्हाला आयुष्यभर झोप लागायची नाही. टांझानियातही, झांबियातही मैलोन्‌मैल चाल आहे. कुंपणात तुम्हाला जायचं नाही, ते मला ठाऊक आहे. तुम्ही नदीच्या मुखाशी जा. तिथे चाल थोडी आणि वारा सरळ आहे."

आजोबांनी नकाशावर समुद्राजवळ एक गोल काढला. ते एवढेच म्हणाले, "मला वाटलंच होतं. कोणीतरी म्हणावं, म्हणून थांबलो होतो."

ते गेल्यावर डेरेक साहेब कडाडले. "अकरा जणांच्या पोटावर पाय दिलास तू!"

जैरोसीने मला मुठीत आवळले. त्याला काय वाटत होते ते मी सांगते, कारण त्याची मूठ माझ्याभोवती होती. त्याला भीती वाटत होती.

तळ बंद झाला. वस्तीवर मांस येईनासे झाले आणि लोक जैरोसीला पाहून रस्ता बदलू लागले. फानुएल करिबाच्या तलावावर मासेमारीला निघून गेला. जाताना जैरोसीच्या दारात येऊन म्हणाला, "न्याती, तुझ्या सासऱ्यांपायी मी आता माशांची कातडी सोलणार!" दोघे हसले. मग दोघेही रडले. माय रुदोने मला खुंटीवरून काढून चवळीच्या मडक्यात टाकले. माझ्या राखेने किडे लागत नाहीत, हे खरे, पण वारा नसलेल्या जागी मी एवढे महिने कधीच काढले नव्हते. तिथे मला एकच विचार छळे: आजोबा पोचले असतील का?

एक हंगाम तसाच गेला, दुसरा तोंडावर आला आणि एका सकाळी डेरेक साहेबांची गाडी दारात थांबली. साहेबांचा चेहरा अवघडलेला होता. त्यांच्या हातात आजोबांचे पत्र होते. आजोबा नदीच्या मुखाशी जाऊन आले होते. एकच बार आणि रेडा जागीच पडला. पुढे लिहिले होते, 'माझ्या दोन पुतण्या रेड्याच्या शिकारीला येऊ पाहतात. कुठे जावे, हे त्यांना तुमच्या राखवाल्याने सांगावे. तो म्हणेल तिथे त्या जातील.'

"आता बोल पटकन," साहेब म्हणाले. "दोघी आहेत. तळ उघडेल. 'इथेच' म्हण आणि मोकळा हो."

माय रुदो नेसलेल्या कापडाच्या टोकाशी चाळा करत दारात उभी होती. आजूबाजूच्या घरांतून माणसे बाहेर आली होती.

जैरोसीने मला मडक्यातून काढले, चवळीचे दाणे झटकले. "चालतात किती?" त्याने विचारले.

"डोंगर चढतात दिवस दिवस."

"आणि वारा फिरला, नेम बसेना, तर बंदूक खाली ठेवता येते का त्यांना?"

"ते मला काय माहीत!"

"मग विचारा. उत्तर आलं की जागा सांगतो."

साहेबांनी कपाळावर हात मारला. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत माय रुदो नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. दहाव्या दिवशी धाकटीचे उत्तर आले. मागच्या वर्षी ती तीन दिवस एका हरणामागे चढली होती. ऐनवेळी वारा फिरला म्हणून तिने बार टाकला नाही. घरी येऊन खूप रडली.

"इथेच बोलवा," जैरोसी म्हणाला.

मित्रांनो, त्या हंगामात तळ अर्धाच उघडला. अकरांतले सहा जण परतले. फानुएल आला नाही. खरे बोलण्याची किंमत सगळ्यांनी मोजली, जे खरे बोलले नव्हते त्यांनीही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आता माझी शिवण उसवत चालली आहे आणि राख नको तिथूनही गळते. एक टाका घाला, एवढेच माझे मागणे आहे. आणि कोणी तुम्हाला विचारले, "मी कुठे जाऊ?", तर आपले पोट बघून घाईने उत्तर देऊ नका. आधी त्याला विचारा, तू किती चालू शकतोस.