टेलरमास्तरांनी बेतलेली भट्टी

मी भट्टी बोलतेय. लोहाराची नव्हे आणि विटांचीही नव्हे. मंद धुरावर तासन्तास मांस शिजवणारी, घरच्या अंगणात जोडलेली लोखंडी भट्टी. कपडे वाळत घालायच्या दोरीपासून मी जरा लांब उभी असते. लांब का, ते काकूंना विचारा. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या धुतलेल्या चादरी धुरकट केल्या आणि मला न् मास्तरांना एकाच दमात बोलणी बसली.

मला पाहून लोक आधी हसतात, मग विचारतात, "हे काय आहे?" आडवं पिंप, एका बाजूला विस्तवाची चौकोनी पेटी, दुसऱ्या बाजूला उंच धुराडं आणि खाली चार पाय. गल्लीतली मुलं मला आगगाडी म्हणतात. म्हणू देत. मला शिट्टी तेवढी नाही, बाकी सगळा थाट आहे.

पूर्वी मी खाद्यतेलाचं साधं पिंप होते. तेल संपलं आणि मी बापूच्या कारखान्यात येऊन पडले. बापू म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. फाटकं, जिने, खिडक्यांचे गज बनवतो. त्याच्या दाराशी मी उलटी पडलेली असे आणि चहा प्यायला येणारे माझ्यावर बसत. माणसं कामापेक्षा कामाविषयीच जास्त बोलतात, हे मी तिथे शिकले.

मास्तरांची गोष्टही तिथेच कानावर आली. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान, बापूचे भाऊजी. जन्मभर त्यांनी कोट शिवले. त्यांनी शिवलेला कोट घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ होतो, असं लोक म्हणायचे. मग शेजारच्या एका तरुणाच्या लग्नाचा कोट आला. कापड त्याने मोठ्या हौसेनं लांबून आणलेलं, पण बेताचंच. मास्तरांनी एक बाही कापली, आणि दुसरी कापताना कापड उलटं करायचं विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या! तुकडा म्हणून उरला नव्हता. तो बिचारा उसना कोट घालून लग्नाला उभा राहिला. फोटोत त्याची मनगटं वीतभर बाहेर दिसतात. तेव्हापासून गल्ली त्याला 'नवरदेव' म्हणते.

त्याने तक्रार केली नाही हो. पण मास्तरांनी दुकानाचं शटर ओढलं. आपली मोठी कात्री मलमलीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. ही तीच कात्री, जिला त्यांनी घरात कुणाला साधा कागद कापायलाही हात लावू दिला नव्हता. "माझा हात गेला," एवढंच म्हणाले आणि खिडकीपाशी खुर्चीत बसले. ते बसलेच.

अशात एकदा परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. तिकडे धुरावर शिजवलेलं मांस मिळतं, तोंडात घातलं की विरघळतं, असं ती सांगत होती. मास्तर नेहमीसारखे हं, हं करत होते. अचानक म्हणाले, "तू ये. आपण इथे करू. भट्टी मी बनवतो."

काकूंच्या हातातला चहा बशीत सांडला.

"अहो, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवतात ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"शिकेन."

"आणि ते लोखंड जोडणं?"

"तेही शिकेन."

हे सगळं काकूंनी बापूला फोनवर सांगितलं. तो माझ्यावरच बसला होता, म्हणून मला ऐकू आलं. आधी दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले. मग काकूंचा आवाज बदलला. "बापू, त्यांना शिकव. भट्टी वाकडी होऊ दे, तिरकी होऊ दे, पण होऊ दे. इतक्या दिवसांनी त्यांनी काहीतरी करतो म्हटलंय. हेही फसलं ना, तर माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही परत."

बापू माझ्यावरून उठला, मला थोपटलं आणि म्हणाला, "चल गं."

त्याने मला घासलं, रंग जाळून काढला, माझं पोट कापून दार मोकळं केलं आणि टेम्पोत घालून मास्तरांच्या अंगणात आणून टाकलं. शिकवणी सुरू झाली. डोळ्यांपुढे काळी काच, हातात जाड मोजे आणि चिमट्यात धरलेला वेल्डिंगचा रॉड. मास्तरांनी रॉड टेकवला मात्र, तो माझ्या अंगाला असा चिकटला की सुटता सुटेना. ते ओढताहेत आणि मी त्यांच्यामागून फरफटतेय.

"भाऊजी, टेकवू नका. किंचित वर धरा. सुई टोचायची नाहीय तुम्हाला!"

मग त्यांनी इतका वेळ एकाच जागी ठिणग्या उडवल्या, की मला भोक पडलं. त्यावर त्यांनी पत्र्याचं ठिगळ लावलं. खरं सांगते, जोड ओबडधोबड होता, पण ठिगळ असं चौकोनी आणि रेखीव, की बापू बघतच राहिला.

"आता पेटी जोडू," बापू म्हणाला. "एकदम जोड ओढत जायचं नाही हं. पत्रा तापून वाकतो. आधी लांब लांब थोडे टाके मारायचे, सगळं नीट बसलंय का बघायचं आणि मग पक्कं करायचं."

मास्तरांनी काच वर केली. कित्येक महिन्यांत असा चेहरा काकूंनी पाहिला नव्हता. "म्हणजे आधी कच्ची शिलाई! मग हे आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या गळ्यात मोजमापाची टेप दिसू लागली. काकूंनी ती पाहिली, पण पाहिल्यासारखं दाखवलं नाही. कधी बोलायचं आणि कधी नाही, हे काकूंना बरोबर कळतं. म्हणजे, बहुतेक वेळा कळतं.

झाकण मास्तरांनी एकट्यानेच दुसऱ्या पिंपाच्या पत्र्यातून कापून ठेवलं. संध्याकाळी बापू आला, तर झाकण दारापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठं.

"हे असं का?"

"माया ठेवलीय."

कापड बेतताना शिवणीसाठी कडेला जास्तीचं सोडतात, त्याला टेलर लोक माया म्हणतात. बापूला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो अंगणात फतकल मारून बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"भाऊजी, लोखंड धुतल्यावर आटत नाही!"

"असू दे. कमी पडलं की काय होतं, ते मला विचार," मास्तर म्हणाले. बापूचं हसू तिथेच थांबलं. झाकण तसंच राहिलं.

लेक रविवारी यायची होती. माझे पाय तेवढे राहिले होते. उभी राहिल्यावर मी डुलू नये म्हणून पाय जरासे बाहेर झुकलेले हवे होते. म्हणजे वरची टोकं तिरकी कापायची, दोन डाव्या बाजूची आणि दोन उजव्या बाजूची. मास्तरांनी एक पाय कापला. तो इतका छान झाला की त्यावर ठेवून बाकीचे तीन आखले. कापले, जोडले आणि दोघांनी मिळून मला उभं केलं.

चारही पाय एकाच बाजूला! मी अशी कलले होते, जशी काही फाटकातून बाहेरच निघाले होते. फाटकाशी जमलेली मुलं खिदळली. "आगगाडी सुटली, आगगाडी सुटली!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "बाह्या," असं पुटपुटले आणि घरात गेले.

"भाऊजी, अहो, हे लोखंड आहे, कापड नाही! कापू आणि परत लावू!" बापू ओरडला.

"नको. माझा हात गेलाय, बापू. उगाच तुझा वेळ नको." आणि खुर्ची करकरली.

सकाळी बापूने येऊन माझे पाय कापून काढले, नव्याने तिरके छाटून ओळीने मांडले, काकूंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मुद्दामच कामावर निघून गेला. काकूंनी पदर खोचला. हातमोजे चढवले, काळी काच तोंडावर घेतली आणि खिडकीकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "मीच जोडते. त्यात काय एवढं!"

मी घाबरले, हे कबूल करते. काकूंनी रॉड धरला तो भाजी परतायला धरावा तसा. चर्र झालं, रॉड चिकटला, काकूंनी हिसडला, पुन्हा चिकटला.

खिडकीतून आवाज आला, "अगं, तो कालथा नव्हे!"

"मग काय आहे?"

"टेकवू नकोस! टेकवू नकोस म्हणतो ना!"

"तिथून मला काही ऐकू येत नाही. बोलायचं तर बाहेर येऊन बोला."

पुन्हा चर्र. माझ्या मागच्या पायावर लोखंडाचा एक गोळा जमला, गुळाच्या खड्यासारखा.

"अरे देवा! ही काय शिलाई झाली? गचाळ!"

"गचाळ तर गचाळ. लेकीने विचारलं तर सांगेन, बाबांना जमेना, म्हणून आईने केली."

मास्तरांना स्वतःची चूक सहन होत होती, पण डोळ्यांदेखत चाललेली गचाळ शिलाई सहन होणं शक्य नव्हतं. ते तरातरा बाहेर आले, काकूंच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि "हो बाजूला," म्हणाले. काकू झाल्या बाजूला. काचेमागे त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मलाच तेवढं दिसलं.

मास्तरांनी खडू घेतला. उरलेले पाय जमिनीवर समोरासमोर मांडले, जसे बाह्यांचे तुकडे मांडतात तसे. डावा, उजवा. उचलून पाहिले, परत मांडले. मग आधी कच्चे टाके, आणि नंतर पक्के. संध्याकाळी मी उभी राहिले ती सरळ. काकूंचा तो गोळा घासून काढू का, असं बापूने विचारलं, तर मास्तर म्हणाले, "राहू दे. घट्ट धरलंय त्याने." आता आलेल्या-गेलेल्याला काकू आधी तो गोळा दाखवतात आणि मग बाकीची मी.

रविवारी लेक आणि जावई आले. पेटीत लाकडं पेटली आणि माझ्या पोटात ऊब भरली. धुराड्यातून धुराची बारीक रेघ निघाली. चादरींचं काय झालं ते मी आधी सांगितलंच आहे. बापू माझ्याभोवती हात फिरवत कुठून धूर निसटतोय का, ते शोधत होता. दुसऱ्या भट्ट्यांचा झाकणाच्या फटीतून निसटतो म्हणे. माझं झाकण चारी बाजूंनी बोटभर बाहेर आलेलं. धूर निसटणार कुठून?

"भाऊजी," बापू जरा घुटमळत म्हणाला, "ती माया..."

"काय?"

"काही नाही. पुढची भट्टी बनवेन, तिलाही ठेवीन म्हणतो."

मास्तर दर घटकेला झाकण उघडायला बघायचे आणि बापू त्यांचा हात धरायचा. शेवटी त्यांनी खिडकीपाशची खुर्ची उचलून बाहेर आणली आणि माझ्याशेजारी बसले. खुर्चीला अंगणातलं ऊन पहिल्यांदाच लागलं असावं.

मांस एका बाजूने जरा जास्तच काळं झालं होतं. जावई शहाणा, त्याने तीच बाजू आधी संपवली. लेकीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले, त्यांचं स्वतःचं ताट तसंच निवत होतं.

जेवणं झाल्यावर लेक माझ्याभोवती फिरली. "बाबा, ही उघड्यावर गंजेल की."

"ताडपत्री टाकू बाजारातून आणून."

"टाकू? टेलरच्या घरात? कशीतरी, वरून?"

"मग काय करू म्हणतेस?"

"मला काय विचारता? टेलर तुम्ही आहात."

काकू भांडी घासत होत्या. घासून झालेलं पातेलं त्यांनी पुन्हा घासायला घेतलं.

सकाळी मास्तर टेप घेऊन आले आणि त्यांनी माझी मापं घेतली. उंची, छाती, कंबर. "कंबर सुटलीय हो हिची," काकू दारातून म्हणाल्या. "तुझ्याइतकी नाही," मास्तर टेपवरून नजर न हलवता म्हणाले. मग घरात ट्रंक उघडल्याचा आवाज आला. दुकानासमोरचं जुनं कॅनव्हासचं छप्पर अंगणात अंथरलं गेलं. मलमलीतून कात्री निघाली. मला दोन बाह्या लागणार होत्या, एक धुराड्याला आणि एक पेटीला. मास्तरांनी पहिली कापली. कापड उलटं केलं. त्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच बसले. लेक उंबऱ्यात उभी होती. मग कात्री चालली, करकर, एका दमात.

कोट मला अगदी अंगाबरोबर बसला. निखाऱ्यांचा चिमटा ठेवायला खिसासुद्धा आहे.

लेक परत गेली आणि एका सकाळी नवरदेव फाटकाशी थांबला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "मास्तर, माझ्यापेक्षा हिचं नशीब बरं की हो!"

मास्तरांची मान खाली गेली. नवरदेव आत आला आणि काखेतलं कापडाचं पुडकं त्याने खुर्चीवर ठेवलं. "मला अजून कोट नाही, मास्तर. या वेळी कापड जरा जास्तच आणलंय. पण मला वाटतं, जास्तीचं लागायचं नाही."

मास्तरांनी कापडावरून हात फिरवला. गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "ताठ उभा राहा."

तर अशी मी. हल्ली माझ्याकडे लक्ष जरा कमी झालंय. कधीमधी रविवारी मला पेटवतात, एरवी मी कोट घालून कोपऱ्यात. माझी तक्रार नाही, पण एक विनवणी आहे. कुणी मला पेटवलंत तर नंतर राख काढा, अंगाला तेलाचं बोट फिरवा, आणि शिजताना झाकण उघडून उघडून बघू नका. काकूंच्या गोळ्याला हसायचं असेल तर हसा, पण त्यांच्यासमोर नको.

आता जरा गप्प राहते. आतून कात्रीचा आवाज येतोय, नवरदेवाचा कोट बेततायत. एक बाही झाली. आवाज थांबला. कापड उलटं करत असतील. हं, झालं सुरू. आता उजवी.