प्लगला ठिणगी नाही

योहानला पुरून दोनच दिवस झाले होते. त्याच्या जागी मिशनची मोटार चालवायला मी, त्याचा धाकटा भाऊ, तिसगावात आलो, तर ती सुरूच होईना. पाद्रीसाहेब घड्याळ बघत उभे होते. त्यांचा मला राग यायला हवा होता, आला नाही. बॅटरी चांगली होती, पण प्लगला ठिणगी नव्हती. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली. आत फिरून ठिणगी प्लगांकडे पाठवणारा बोटाएवढा रोटरच नव्हता.

“लढाई लागल्यापासनं रोज तो काढून कोटाच्या खिशात ठेवायचे, भावजी,” सारावहिनी म्हणाली. “गाडी कुनी पळवू नये म्हनून.”

“कुठाय कोट?”

“एकच तर हुता.”

पेटीत योहानच्या अंगावर त्या कोटाची बटणं मीच लावली होती. खिशात टणक काहीतरी हाताला लागलं होतं. असू दे त्याचं त्याच्यापाशी, म्हणून मी काढलं नव्हतं.