ओली भिंत

"ओली भिंत सोडून जी उठते, ती उद्या चुलीवर दूध ठेवूनही उठेल!" मुकादमीणबाईंचा आवाज महालाच्या तिन्ही मजल्यांवर घुमला.

घुमणारच. जुन्या महालाचं हॉटेल होत होतं, पलंग-पडदे अजून यायचे होते, खोल्या रिकाम्या. भिंतींची घोटाई बाईंच्या घराकडे होती. चुन्याचा शेवटचा हात ओला असेतो गुळगुळीत गोट्याने घासत राहायचं. चकाकी आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मध्येच वाळली की भिंत मेली. घरात हा कायदा होता, आणि कायदा बाईंनीच केला होता.

सुनेला आज पहिल्यांदा अख्खी भिंत मिळाली होती. जमली तर हातात गोटा, नाहीतर जन्मभर चुना कालवणं, असं बाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. आणि आता बघावं तर भिंत अर्धी आरशासारखी, अर्धी राखेसारखी. सून गायब!

"बसली असेल फोनवर माहेरच्यांशी," म्हणत बाई तणतणत शेजारच्या खोलीत शिरल्या. ती भिंत खुद्द त्यांची. दारातच थबकल्या.

सून शिडीवर होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चुना. गोटा फिरत होता आणि बाईंची भिंत तळ्यासारखी लखलखत होती.

"अगं, तू इथे काय करतेस?"

"वरच्या मजल्यावर मॅनेजर घोटलेल्या भिंतीला टीव्हीसाठी भोक पाडत होता ना, आई? तुम्ही भांडायला गेलात. भांडण चांगलंच रंगलं. इकडे तुमची भिंत वाळायला लागली."

"मग हाक मारायची!"

"मारली की. तुमच्या आवाजापुढे माझा कुठला पोहोचतोय?"

घमेलं घेऊन आलेला धाकटा लेक फस्सकन हसला. बाईंनी नुसतं बघितलं; त्याने मुकाट्याने मान घमेल्यात घातली.

"आणि तुझी भिंत?"

"दोन्ही वाचणार नव्हत्या. ही मोठ्या पाहुण्यांची खोली." सुनेचा हात थांबला नाही, आवाज मात्र खाली आला. "असू दे. कालवीन चुना."

बाईंनी भिंतीला तळहात लावला, मग गाल. खोट काढायला जागा सापडेना. सवय नसल्यामुळे ते त्यांना फार जड गेलं. ओली भिंत सोडून आधी कोण उठलं होतं, हे सांगायला साक्षीदार लागणार नव्हता.

त्यांनी घसा खाकरला, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"ऐक गं. तुझी भिंत नापास. उद्या खरवडून काढ आणि पुन्हा कर, गोटा माझा घे. आणि यापुढे मी मधेच भांडायला उठले, तर पदर धरून खाली बसव मला."