साठ्यांच्या घरची सभा

“कोणतीही सत्ता माणसाच्या संमतीशिवाय न्याय्य ठरत नाही,” चंद्रहास साठे म्हणाले.

“बाबा, बीपीची गोळी घेतलीत का?” मुक्ताने विचारलं.

त्यांनी निमूट घेतली.

लखनौच्या निशातगंजमधल्या एका डिग्री कॉलेजात साठेसरांनी एकतीस वर्षं उदारमतवाद शिकवला. राजाला देवाने नेमलेलं नसतं, इथून सुरुवात व्हायची. मग धर्मावरून लढून लढून थकलेली माणसं एकमेकांना सहन करायला कशी शिकली, ते. मार्चमध्ये, पंखे सुरू व्हायच्या सुमारास, ‘दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाने आपलं आपण ठरवावं’ इथे पोर्शन संपायचा. मुलं ‘इम्पॉर्टंट’ तेवढं विचारून घ्यायची आणि जायची.

खरा प्रयोग अलीगंजच्या घरी चालायचा. दर रविवारी पोह्यांनंतर सभा. तीन सभासद, गुप्त मतदान, चिठ्ठ्या चहाच्या रिकाम्या डब्यात. सात वर्षांच्या मुक्तालाही पूर्ण मत. त्या मताच्या जोरावर तिने कथक सोडलं आणि पुढे पुण्यातली नोकरी धरली. नोकरीच्या वेळी तिच्या आईने, लीलावतीबाईंनी, विरोधी मत दिलं होतं. मतदान गुप्त असूनही ते सगळ्यांना कळलं, कारण त्या रडत होत्या.

लीलावतीबाईंना जाऊन आता वर्ष झालं. दिवाळीनंतर सर बाथरूममध्ये पडले, आणि मुक्ता त्यांना न्यायला आली. आज रविवार होता. पोहे तिनेच केले.

“सभा घेऊ या,” ती म्हणाली. “मुद्दा एकच. तुम्ही माझ्याकडे यायचं.”

“हा मतदानाचा विषयच नाही. व्यक्तीचं खाजगी आयुष्य बहुमताने...”

“दोघांत बहुमत कुठून आणणार, बाबा?”

“तत्त्व सांगतोय.”

“अच्छा. आणि परत पडलात तर?”

“हाड माझं. इजा माझी.”

“आणि मी तिकडे मीटिंग सोडून दर तासाला फोन लावत बसते, ती कुणाची?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परीक्षेला नसायचा.

“तो अप्रत्यक्ष परिणाम,” ते म्हणाले.

मुक्ता हसली, मग हसायची थांबली. “यार बाबा, एकदा सरळ सांगा ना. यायचंय की नाही?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. आता ही ओरडेल, दंड धरून ‘गुपचूप चला’ म्हणेल, असं त्यांना वाटलं. तिच्या आईने तेच केलं असतं. पण मुक्ताला सरांनी वाढवलं होतं.

“तू म्हणतेस तर...”

“नाही, मी म्हणते म्हणून नको. तुम्ही माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाहीत. मी पण करणार नाही.”

“मग मी इथेच बरा,” ते म्हणाले. वाक्य व्यवस्थित आलं.

“ठीक आहे.” तिने डोळे पुसले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या खणात लावून ठेवल्या.

संध्याकाळी ती एकटीच विमानतळाकडे निघाली. टॅक्सी वळेपर्यंत सर फाटकात उभे होते. मग आत येऊन त्यांनी दूधवाल्याला फोन लावला.

“जी प्रोफेसर साहब? आपने तो कल से दूध बंद करवाया था. पूना नहीं जा रहे?”

“नहीं भैया,” सर म्हणाले. “वही आधा लीटर.”