दारं बनवणाऱ्याला मी कोंडलं

हसू नका मित्रांनो, पण मी संडासाच्या दाराची कडी आहे. तीही घरच्या नव्हे, रेल्वेच्या. डोंगरातून जाणाऱ्या एका डब्याच्या डिझेल गाडीत मी अठ्ठावीस वर्षं काढली. पितळेची आहे, म्हातारी झाले आहे, आणि आता कारशेडमधल्या एका खोक्यात वाकड्या स्क्रूंच्या संगतीत पडून आहे. कडीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण माझ्या पोटात एक गोष्ट अडकून बसली आहे. ती माझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हा दाराच्या आत आम्ही दोघंच होतो. एक मी आणि एक तो माणूस.

माझा जन्म ओसाकाच्या एका ओतशाळेत झाला. साच्यातून निघाले तेव्हा मी काळीठिक्कर होते. एका बाईने मला फिरत्या कापडी चाकावर धरून लख्ख केलं, माझी मूठ फिरवून पाहिली आणि ‘कट्ट’ असा आवाज ऐकून शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस? किती गोड बोलते ही!" माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. नंतर चार स्क्रूंनी मला दाराला ठोकून बसवलं आणि माझं कामाचं आयुष्य सुरू झालं.

काम सोपं होतं. माणूस आत आला की माझी जीभ चौकटीच्या खाचेत जायची, निघाला की बाहेर यायची. गाडी दिवसाला दोनशे किलोमीटर पळायची आणि माझा प्रवास बोटाच्या पेराएवढा. पूल आला की आवाजावरून कळायचं, बोगदा आला की धुराच्या वासावरून. नदी कशी असते ते मी कधी पाहिलं नाही. माणसं आत येऊन केस विंचरत, पत्रं वाचत, कुणी कुणी नुसतंच रडून घेत आणि तोंड धुऊन बाहेर जात. मी कुणाचं काही बाहेर बोलले नाही. पण सगळे निघून जात आणि मी तिथंच. कोंडून घेणाऱ्यांना सोडवायचं आणि आपण मात्र जन्मभर दाराला जखडून राहायचं, हा कुठला न्याय?

पहिली काही वर्षं एक सफाईवाले आजोबा होते. ते दर महिन्याला माझ्या फटीत तेलाचा थेंब सोडत. ते निवृत्त झाले आणि माझी आबाळ सुरू झाली. डब्याला नवा रंग द्यायचा म्हणजे कामगार माझ्यावरूनही सरळ ब्रश फिरवायचे. मी तेल मागितलं आणि मला रंग मिळाला, तोही चार वेळा! जीभ जड झाली, स्प्रिंग आखडली, स्क्रूंच्या खाचा बुजल्या. कुरकुरून सांगायचं ते सांगितलं, पण संडासाच्या कडीचं गाऱ्हाणं ऐकायला वेळ आहे कुणाला?

अशा दिवसांत, एका नोव्हेंबरात, ते जोडपं गाडीत चढलं. माझ्या दाराला लागूनच त्यांची जागा होती. मध्ये नुसती फळी, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"अहो, संत्रं सोलू का?"

"आत्ताच तर खाल्लं."

"मग डबा उघडू?"

"अकरा वाजता कोण जेवतं?"

"लग्नाच्या वाढदिवशी माणसानं निदान तोंड तरी सरळ ठेवावं."

"तीस वर्षं हेच तोंड बघतेयस ना? आज काय नवीन?"

थोड्या वेळाने नवरा घोरायला लागला. समोर सुक्या मासळीची टोपली घेऊन एक फेरीवाली बसली होती. तिने विचारलं, "तीस वर्षं झाली म्हणता? आणि फिरायला आज निघालात? धन्य आहे बाई तुमची!"

"फिरायला कसलं डोंबलाचं," बायको हळूच म्हणाली. तिचं नाव मित्सुए. मग तिने सगळं सांगून टाकलं, आणि ते मीही ऐकलं.

नवऱ्याचं नाव तोकुजी सेगावा. लाकडी सरकती दारं आणि कागदी खिडक्या बनवणारा कारागीर, पिढ्यान् पिढ्यांचं दुकान. एकुलती एक मुलगी, चिझुरु. दुकानातल्याच एका कारागिराशी तिचं लग्न लावायचं, त्याला घरजावई करून घ्यायचं आणि सेगावा हे नाव पुढं चालवायचं, असं बापाने ठरवलेलं. पोरीने लग्न केलं ते ॲल्युमिनियमच्या खिडक्या विकणाऱ्याशी.

"अगंबाई! म्हणजे सरळ वैऱ्याच्या घरी की!" फेरीवाली म्हणाली.

"तर काय! ह्यांच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी त्याच खिडक्या बसवून घेतल्या. आमच्या घरात ॲल्युमिनियमची किटलीसुद्धा चालत नाही. ‘पुन्हा येऊ नकोस’ म्हणाले तिला. सात वर्षं झाली, बापलेकीचं बोलणं नाही. आता जावयाची बदली झालीय पार उत्तरेच्या टोकाला, होक्काइदोला. परवा निघतायत. एवढ्या लांब गेली की कसली भेट होतेय?" मित्सुएने आवाज आणखी खाली आणला. "ही गाडी हिराकुचीला समोरून येणाऱ्या गाडीसाठी सहा मिनिटं थांबते ना, ती तिथंच राहते, फलाटावर येणार आहे. ह्यांना मी काही सांगितलं नाहीये. सांगितलं असतं तर घराबाहेर पडले नसते."

"सहा मिनिटांत काय होणार गं?"

"काही नको. नुसतं एकमेकांकडे बघितलं तरी पुष्कळ झालं."

गाडीचा वेग कमी झाला तसा तोकुजी जागा झाला. हिराकुचीचा फलाट आला असावा, कारण तो एकदम ओरडला, "ती इथं कशी? अगं, ही तुझी सहल होय? फसवलंस मला!" आणि मित्सुए "अहो, अहो" म्हणेपर्यंत तो ताडकन उठला, माझं दार उघडून आत घुसला आणि माझी मूठ अशी काही फिरवली की माझ्या आत काहीतरी मोडल्याचं मलाच ऐकू आलं. जीभ खाचेत गेली ती नेहमीपेक्षा खोल गेली आणि तिथंच रुतली.

खरं सांगते, मला त्याचा संताप आला होता. पन्नाशी उलटलेला बाप्या, वाढदिवसासाठी टाय बांधलेला, आणि पोरीला भिऊन संडासात लपतो! तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर डब्यात पावलं आली.

"आई, हा वाढदिवसाचा लाल भात केलाय मी आज तुमच्यासाठी. तीळ-मीठ वेगळं बांधलंय, बाबांना वरून जास्त लागतं म्हणून." मग तिने विचारलं, "कुठं आहेत?"

मित्सुएने दाराकडे हात केला असणार.

"असू दे," चिझुरु म्हणाली. "मला वाटलंच होतं. गुडघा कसाय त्यांचा? अजून रंधा मारताना उजवाच टेकतात का? थंडीत शेकायला सांग. सांगितलं तर ओरडतील, पण सांग."

मित्रांनो, आतला माणूस भिंतीपासून दूर झाला. मग त्याचा हात माझ्या मुठीवर आला. राठ, लाकडाच्या वासाचा हात. त्याने मूठ फिरवली. मी जीव खाऊन जीभ ओढली, पण ती हलेना! त्याने दोन्ही हातांनी फिरवली. दाराला खांदा लावला. काही उपयोग नाही.

"अगं," तो आतून म्हणाला. "हे उघडत नाहीये."

"काय म्हणालात?"

"कडी अडकलीय."

बाहेर चिझुरु हसली. ऐकवत नव्हतं ते हसणं. "बाबा, निदान दुसरं काहीतरी कारण सांगा हो. अख्ख्या गावाची दारं तुम्ही बसवलीत. ‘न उघडणारं दार आपल्या दुकानातून बाहेर पडत नाही,’ हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. आणि तुम्हाला एक कडी उघडत नाही?"

"खोटं नाही सांगत मी!"

"तुम्ही कधीच खोटं बोलला नाहीत. येऊ नकोस म्हणालात, तेही खरंच होतं."

"अहो, पुरे झालं आता," मित्सुए दारावर थापा मारू लागली. "तीस वर्षांत काही मागितलं नाही मी. आज मागतेय. बाहेर या."

तिलाही खरं वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर कंडक्टरला हाक मारली असती. पण आतला माणूस हट्टाने बसलाय म्हटल्यावर कंडक्टर तरी काय करणार? तो फलाटावर समोरच्या गाडीची वाट बघत होता. फेरीवालीनेही आवाज चढवला, "ओ काका, गाडी उभी असताना आत बसायचं नसतं, पाटी वाचता येत नाही का?"

आत तोकुजीने खिशातून दहा येनचं नाणं काढलं होतं. माझ्या स्क्रूंवरचा रंग तो नखाने खरवडत होता, खाच मोकळी झाली की नाणं लावून फिरवत होता. असा हात मला अठ्ठावीस वर्षांत लागला नव्हता. कुठं दाबायचं, किती दाबायचं, सगळं त्याला ठाऊक. पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याला अंगठ्याचं नख मुळापासून उलटलं. माझ्या पितळेवर रक्त आलं तरी तो थांबला नाही. दुसरा निघाला.

पण वेळ किती चालला होता! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, माझा नाद सोड! दार बंद असलं म्हणून काय झालं, तोंड तर उघडं आहे ना? ‘थांब’ म्हण. ‘चुकलो’ म्हण. फळीपलीकडे उभी आहे तुझी पोर, कुजबुजलास तरी ऐकू जाईल. पण त्याला जन्मभर हातांनीच बोलायची सवय. आधी दार उघडायचं, मग बघू, एवढंच त्याला सुचत होतं.

"आई, मी निघते. भात इथं दाराशी ठेवलाय. तब्येतीला जप," चिझुरु म्हणाली. डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग तिची पावलं.

तेव्हा कुठं तोकुजीच्या हातातून नाणं पडलं. तो दाराला कपाळ लावून म्हणाला, "चिझुरु."

त्याच क्षणी समोरची गाडी धडधडत स्टेशनात शिरली. ती हाक तिला ऐकू गेली नाही, मित्सुएलाही नाही. तो दुसऱ्यांदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला. घंटा झाली आणि आमची गाडी सुटली. त्या तीन हाका फक्त मी ऐकल्या, आणि मी पडले कडी. मला उघडता आलं नाही आणि सांगताही आलं नाही.

गाडी सुटल्यावर कंडक्टर तिकिटं बघत आला. त्याने बाहेरून किल्ली लावली, तर तिचं भोकही रंगाने बुजलेलं. मग हातोडी आली. चौथ्या घावाला माझी जीभ तुटली आणि दार उघडलं.

मित्सुए तोंडभर बोलायला सरसावली होती. "झालं समाधान? गेली ती! आता बसा आयुष्यभर..." एवढं बोलून ती थांबली. तिने त्याचा अंगठा पाहिला. मग मला पाहिलं, माझे निघालेले दोन स्क्रू, खरवडलेला रंग, माझ्यावरचं रक्त.

"म्हणजे खरंच..." ती म्हणाली.

"सांगत होतो ना."

"अहो, मला वाटलं..." आणि तिला रडू फुटलं. त्याच्या अंगठ्याला रुमाल बांधता बांधता ती रडत होती.

पुढचं स्टेशन अगदी लहान होतं. तिथं माणूस नाही, टेलिफोन नाही, नुसता फलाट आणि एक बाक. तोकुजीने दाराशी ठेवलेला भाताचा डबा उचलला, काखेत धरला आणि खाली उतरला.

"अहो, परतीची गाडी अडीच तासांनी आहे!" मित्सुए मागून ओरडली.

"हिराकुचीला चालत जातो."

"सात किलोमीटर आहे! आणि तुमचा गुडघा?"

"तू बस बाकावर. गाडीनं ये."

"बसतेय मी! तुम्ही पुन्हा कुठंतरी अडकलात म्हणजे?" असं म्हणून तीही पिशव्या सावरत उतरली. उघड्या दारातून मला रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. पुढं तो लंगडत चाललेला, मागं ती. मग गाडी हलली.

त्यांची चिझुरुशी भेट झाली का? मला माहीत नाही, मित्रांनो. त्याच संध्याकाळी मला काढून टाकलं आणि माझ्या जागी चकचकीत नवी कडी बसवली. ॲल्युमिनियमची आहे म्हणे. मी खोक्यात पडले ती आजवर. वरचं झाकण उघडतं तेव्हा थोडा उजेड येतो, बाकी अंधार. मला सोडवणारं कुणी नाही, त्याची तक्रारही नाही. पण ‘आपला बाप हट्टाने आत बसला’ असं त्या पोरीला अजून वाटत असेल का, एवढ्या एका विचाराने जीव कासावीस होतो.

म्हणून माझं एवढं ऐका. घरातल्या कड्याकोयंड्यांना वर्षातून एकदा तरी तेल घाला, वरून नुसता रंग फासू नका. आणि बंद दारापलीकडून कुणी ‘मी अडकलोय’ म्हणालं, तर माणूस कितीही हट्टी असो, आधी त्याचं खरं माना. भांडण काय, नंतर करता येतं.