ऑर्विलचं ब्लँकेट

आमच्या एल्क फोर्ड गावात कॉलेजच्या फुटबॉलच्या शनिवारी सकाळीच बाकावर संघाच्या लाल रंगाचं ब्लँकेट पसरून जागा धरतात. पसरलेल्या ब्लँकेटला कुणी हात लावत नाही. घरातलं माणूस गेलं, तर त्याचंही ब्लँकेट तेवढा हंगामभर पसरायचं. शेवटच्या सामन्यानंतर त्याची घडी घालायची आणि म्हणायचं, "संपला सामना, चल घरी." मग ते पुन्हा मैदानावर आणायचं नाही. का, ते कुणी सांगत नाही.

माझ्या नवऱ्याच्या, ऑर्विलच्या ब्लँकेटची घडी घालून चार वर्षं झाली होती.

यंदा गर्दी वाढवायला कॉलेजने ट्रेंट नावाचा एक हसरा गृहस्थ नेमला. त्याने फुकट सॉसेज वाटले, सोडती काढल्या, बँड आणला. लोक सॉसेज खाऊन घरी गेले. गावात माणसंच उरली नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यात कॉलेजचे विश्वस्त सामना बघायला येणार असं कळलं. बाकं रिकामी दिसली की संघ बंद.

संघ बंद म्हणजे बाक बंद. मग मला ऑर्विलजवळ बसायला फक्त दफनभूमी उरली असती, आणि त्याला शांतता कधी सोसली नाही.

"लॅव्हर्नबाई," ट्रेंट म्हणाला, "विश्वस्त बसणार समोरच्या काचेच्या खोलीत. तिथून त्यांना नुसता लाल रंग दिसणार. सगळ्यांनी घरातली ब्लँकेटं पसरली तर?"

"कुठली ब्लँकेटं?"

"सगळी. जुनीपण. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

त्याला रीत ठाऊक नव्हती. मला होती. तरी दारोदार मीच फिरले, आणि एकानेही नाही म्हटलं नाही.

त्या शनिवारी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं लाल. ऑर्विल चांगला अडीच मणाचा गडी. तो बसला की फळी त्याच्या बाजूला दबायची आणि मी घसरत त्याच्याकडे जायची. चाळीस वर्षं त्यावरून भांडलो. ब्लँकेट पसरून मी शेजारी टेकले, आणि घसरले.

समोरचा संघ अडचणीत आला की पाय आपटायची आमच्याकडे पद्धत. त्या दिवशी रिकाम्या फळ्या धडधडल्या. मैदानातली पोरं हेल्मेटमधून वर बघत राहिली. आम्ही जी थोडी जिवंत माणसं होतो, त्यांनी एकमेकांकडे मुळीच पाहिलं नाही. मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त आनंद झाला.

विश्वस्त खूश झाले. संघ वाचला. सामना संपला, पण 'चल घरी' कुणाच्या तोंडून निघेना. माझ्याही नाही. ब्लँकेटं तशीच ठेवून आम्ही गेलो.

पुढच्या शनिवारी त्यांच्यावर दहिवर साचलं होतं. एक बाई पातळ कोट घालून, हातात चिलीचा, खिमा-राजम्याच्या गरम रश्श्याचा वाडगा धरून पायऱ्या चढत होती. संघाचा डाव चालवणाऱ्या नवीन पोराची, क्वार्टरबॅकची आई, मरिसोल. मुलाचा खेळ पहिल्यांदा बघायला टेक्सासहून गाडी चालवत आली होती. प्रत्येक रांगेत विचारत होती, "इथं कुणी बसलंय का हो?" आणि प्रत्येक रांगेतून उत्तर येत होतं, "हो."

ती माझ्यापाशी आली.

"बसलंय," मी तिच्यावर खेकसले. "ब्लँकेट दिसत नाही?"

"ब्लँकेट दिसतंय. माणूस दिसत नाही, म्हणून विचारलं." ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. वाडग्याभोवती दोन्ही हात धरून मुलाला शोधू लागली.

एखादी बाई उभी आणि ऑर्विल बसलेला, असं मी जन्मात पाहिलं नाही. चर्चमध्ये नाही, बसमध्ये नाही. शेवटी दवाखान्यातसुद्धा नर्स आत आली की उठायला धडपडायचा, आणि मी ओरडायची.

फळी वर आली. तो उठला की यायची तशीच, एका झटक्यात. मी कलंडता कलंडता सावरले.

"अरे, बस ना," मी म्हटलं. "बस रे थोडा वेळ."

फळी हलली नाही.

ब्लँकेट ओलं होतं, जड झालं होतं. मी त्याची घडी घातली. खेळ अजून सुरूही झाला नव्हता. "संपला सामना, ऑर्विल," मी म्हटलं. "चल घरी."

मग मरिसोलला हाक मारली. ती येऊन शेजारी टेकली. अगदीच हलकी बाई. मी होते तिथेच राहिले.